सावित्रीबाईंनी केलेली शुश्रूषा

सावित्रीबाई फुले म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे शाळा उभी राहते. १८४८ साली पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, अंगावर शेणचिखल झेलीत त्या शिकवावयास जात, हे आपण मुलांना सांगतोच. शिक्षिकेचे शिक्षण त्यांनी आपल्या नगरास मिस फरार यांच्या संस्थेत घेतले, हे मात्र आपल्या बेलापुरातल्याही पुष्कळ भगिनींस ठाऊक नसेल. मला आज सांगावयाचे आहे ते त्यांच्या उतारवयातले.

नायगावच्या नेवसे पाटलांची ही मुलगी. जन्म १८३१ चा, लग्न १८४० साली. पोटी मूल नव्हते. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला व त्यास डॉक्टर केले.

१८८८ च्या जुलै महिन्यात जोतिरावांच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू लुळी पडली. जन्मभर लिहिणारा हात तो! डॉ. विश्राम रामजी घोले यांनी औषधपाणी केले, पण रोगी सांभाळायची ती घरच्या माणसानेच. त्या वेळी सावित्रीबाई सत्तावन्न वर्षांच्या होत्या आणि घरात पैशाची ओढ होती. अशी दोन वर्षांवर गेली.

माझ्या सासूबाईंना असेच झाले होते. तीन वर्षे त्या अंथरुणावर होत्या, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. कूस बदलणे, पाठ पुसणे, घास मऊ करून भरवणे, रात्री दोनदा उठणे, ही कामे कोणाच्या चरित्रात लिहीत नाहीत. रोग्याची चिडचिड सोसणे त्याहून अवघड. मी कधी कधी रागावत असे, हेही कबूल करते.

जोतिराव स्वस्थ पडून राहिले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ लिहून पुरा केला. तो १८९१ साली, त्यांच्या पश्चात छापला गेला. ग्रंथावर नाव त्यांचे आहे, आणि ते योग्यच. पण अर्धांग झालेला माणूस लिहावयास बसतो तो कोणीतरी त्याला न्हाऊ-जेवू घालून नीट बसते करते तेव्हाच, हे ज्यांच्या घरी असे दुखणे आहे त्यांना सांगावयास नको.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले व अंत्ययात्रेपुढे चालू लागल्या. त्या काळी बायका स्मशानाची वाटही चालत नसत.

पुढे पुण्यात प्लेग आला. यशवंतरावांनी हडपसरजवळ सासऱ्यांच्या मळ्यात दवाखाना घातला आणि सावित्रीबाई, वय सहासष्ट, तेथे रोग्यांची सेवा करू लागल्या. घरचे माणूस सांभाळलेला हात आता परक्यांना सांभाळू लागला. मुंढव्याच्या गायकवाडांचा एक मुलगा प्लेगने पडला आहे असे कळले, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.