बसऱ्याचे इब्न अल-हैसम

दोन पेन्सिली घ्या. एक नाकासमोर वीतभर अंतरावर उभी धरा, दुसरी तिच्या मागे हातभर लांब. जवळच्या पेन्सिलीवर नजर रोखली की मागची दोन दिसू लागते. मागचीकडे पाहिले की जवळची दोन होते. सुमारे हजार वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी हाच खेळ अत्यंत गंभीरपणे मांडला होता.

अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे झाला. नाईलच्या पाण्याला आवर घालता येईल, हे त्यांचे बोलणे इजिप्तचे फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्या कानी गेले आणि त्यांना बोलावणे आले. कारागिरांसह ते अस्वानपर्यंत गेले. वाटेत प्राचीन इजिप्शियनांच्या भव्य वास्तू पाहून त्यांनी ओळखले, की एवढ्या कुशल लोकांनी जे केले नाही ते आपल्याने होणे नाही. परत येऊन त्यांनी अपयश कबूल केले. पण खलिफांचा स्वभाव लहरी! जिवाच्या भीतीने त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये खलिफांचा अंत होईपर्यंत ते नजरकैदेत राहिले, असे जुने चरित्रकार सांगतात. पुढे अल-अझहर मशिदीजवळ राहून युक्लिड व टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून ते चरितार्थ चालवीत.

'किताब अल-मनाझिर' हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, हे युक्लिडचे मत त्यांनी खोडून काढले. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो हे दाखविले. हातभर लांब, चार बोटे रुंद फळीला नाकासाठी खाच पाडून त्यांनी तिच्यावर मेणाच्या खुंट्या रोवल्या. नजर मधल्या खुंटीवर ठेवली की ती एक, इतर दोन-दोन. लिहिलेला शब्द नजरेच्या रेषेतून बाजूला सरकवला तर तो वाचता येत नाही, हेही त्यांनी पडताळले.

त्यांची चूकही सांगितली पाहिजे. डोळ्यातील भिंगालाच दिसते असे ते मानीत. प्रतिमा मागच्या पडद्यावर पडते हे केप्लरने १६०४ मध्ये सांगितले, तर जवळचे पाहताना भिंगाचाच आकार बदलतो हे टॉमस यंगने १८०१ मध्ये. डोळे नाकाकडे वळले की भिंगही आपोआप फुगते. शिवाय वर पाहण्यापेक्षा खाली पाहताना जवळचे स्पष्ट करण्याची शक्ती किंचित अधिक असते, असे आता आढळले आहे. म्हणून पुस्तक डोळ्यांच्या खाली धरावे.

विश्रांतवाडीच्या आमच्या वर्गात फळ्यावरचे नेहमी चुकीचे उतरविणाऱ्या एका मुलाला मी कित्येकदा उभे केले होते. तपासणीत त्याला मोठा नंबर निघाला. पालकांनी मुलांचे डोळे वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावेत.

इब्न अल-हैसम सुमारे १०४० मध्ये कैरोत वारले. त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ साली बाझल येथे छापला गेला.