टेलिफोनवाल्या बेलचा दुसरा शोध : उजेडावरचा फोन

गणपतीत साताऱ्याहून सांगलीला मामांकडे गेलो होतो. नेट सारखं जात-येत होतं. फायबरवाल्या दादाने मीटर लावला, आकडा आला उणे 27. म्हणजे दिल्लीची सीट काय, उजेडच जेमतेम पोचत होता, फक्त 2 मायक्रोवॅट. तेव्हा मला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आठवला.

बेलचा जन्म 1847 चा, एडिनबरोचा. आई बहिरी, वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. दोन्ही भाऊ क्षयाने गेल्यावर 1870 मध्ये घर कॅनडाला हललं आणि पुढे तो बॉस्टनला बहिऱ्या मुलांना शिकवायला लागला. 1876 चं टेलिफोनचं पेटंट सगळ्यांना माहीत आहे, ते सोडू. 1877 मध्ये त्याने लग्न केलं मेबलशी. पाच वर्षांची असताना तापात तिचे कान गेले होते. ज्याने जगाला फोन दिला, त्याच्या बायकोला फोनवर काही ऐकू येणार नव्हतं! (बहिऱ्यांनी खुणांची भाषा सोडून ओठ वाचावेत, बोलावं, हा त्याचा हट्ट मात्र मला पटत नाही. कितीतरी मुलांना तो महागात पडला.)

1880 मध्ये वॉशिंग्टनला त्याने चार्ल्स टेन्टर या साथीदाराबरोबर फोटोफोन बनवला. पातळ आरशामागे बोलायचं, आरसा थरथरतो, त्यावरून गेलेला सूर्यप्रकाश कमी-जास्त होतो. समोर सेलेनियमचा तुकडा. उजेड वाढला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. बॅटरी आणि कानाला रिसीव्हर जोडला की आवाज! टेन्टर एका शाळेच्या गच्चीवरून बोलला आणि 213 मीटरवर खिडकीत बसलेल्या बेलने ऐकून टोपी हलवली. तारेशिवाय. त्याच सुमारास दुसरी मुलगी झाली, तर हा गडी तिचं नाव फोटोफोन ठेवायला निघाला होता. मेबलने हाणून पाडलं, बरं झालं. टेलिफोनपेक्षा हाच शोध मोठा, असं तो शेवटपर्यंत मानत होता.

पण अडलं कुठे? ढग आला की बोलणं बंद. आणि आलेला इवलासा सिग्नल मोठा करणारं काहीच तेव्हा नव्हतं.

आज मामांच्या राउटरमध्ये सेलेनियमच्या जागी फोटोडायोड आहे. 2 मायक्रोवॅट उजेडातून तो साधारण 2 मायक्रोअँपिअर करंट देतो. नुसता 10 किलोओहमचा रेझिस्टर लावला तरी 20 मिलिव्होल्ट मिळतील. मग अडचण काय? डायोडची स्वतःची कपॅसिटन्स त्या रेझिस्टरमधून भरायला वेळ लागतो आणि इथे तर सेकंदाला अडीच अब्ज बिट येतायत. म्हणून ट्रान्सइम्पिडन्स अँप्लिफायर. तोच रेझिस्टर अँप्लिफायरच्या आउटपुटकडून इनपुटकडे उलटा जोडायचा. अँप्लिफायर डायोडचं टोक जवळजवळ एकाच व्होल्टेजवर धरून ठेवतो, कपॅसिटन्स भरायची-रिकामी करायची वेळच फारशी येत नाही. करंट रेझिस्टरमधून जातो आणि आउटपुटला व्होल्टेज मिळतं. रेझिस्टर मोठा घेतला तर कुजबुज नीट ऐकू येते, पण वेग घटतो. डिझाइन करणाऱ्याची खरी डोकेदुखी हीच.

बेल 1922 मध्ये गेला. अंत्यविधीच्या वेळी अमेरिका-कॅनडातले फोन मिनिटभर बंद ठेवले होते. उजेडावरचा फोन घरोघरी पोचलेला त्याने पाहिला नाही.

मामांकडचा दोष कनेक्टरवरच्या धुळीचा निघाला. दादाने तो पुसला, मीटर उणे 21 वर आला.