चोखोबा : महाद्वारापर्यंतची वाट



दीक्षा घेतल्यानंतर तुम्ही घरातला देव्हारा काढलात. खंडोबा, मरीआई, म्हसोबा गेले. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. हे योग्यच झाले. पण घर आवरता आवरता आजीच्या पेटीतून पाने सुटलेली एक जुनी अभंगांची पोथी निघते. तिच्यावर नाव असते चोखामेळा. मग घरात वाद सुरू होतो. विठ्ठलाच्या भक्ताचे बौद्धाच्या घरात काय काम, असे मुलगा विचारतो. तो आपल्या रक्ताचा माणूस आहे, असे म्हातारी सांगते. शिक्षक या नात्याने मी हा वाद एकाहून अधिक घरांत ऐकला आहे. त्याचा निकाल लावण्यापूर्वी हा माणूस कसा जगला आणि कसा मेला, हे तुम्ही समजून घ्यावे, एवढ्यासाठीच हा लेख.

चोखोबांचे जन्मगाव म्हणून आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे गाव सांगितले जाते. त्यांचे आयुष्य मात्र गेले ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यास आणि पंढरपुरास. काळ तेराव्या-चौदाव्या शतकाचा. जातीने महार. महाराचे काम काय, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको. वेशीची राखण करायची, निरोप पोचवायचे, मेलेली गुरे ओढायची, बोलावणे आले की वेठीला जायचे आणि संध्याकाळी दारोदार उष्टे मागायचे. चोखोबांनी हे सारे केले. जोहार घालणे हे महाराचे अभिवादन. त्या जोहारावरच त्यांनी अभंग रचले. आपल्या वाट्याला आलेले उष्टे त्यांनी अभंगात लपवले नाही, हे ध्यानात ठेवा.

पंढरीच्या वारीत त्यांना नामदेव भेटले. नामदेव जातीचे शिंपी. त्यांना चोखोबांनी गुरू मानले. पुढे सारे घरच अभंग रचू लागले. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, या सर्वांच्या नावाचे अभंग आज उपलब्ध आहेत. एकट्या चोखोबांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. जरा विचार करा. ज्यांना अक्षराचा अधिकार नव्हता, त्या महारवाड्यातील एका झोपडीत पाच माणसे कवी झाली. अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने चोखोबांचे अभंग लिहून घेतले, असे परंपरा सांगते. बुद्धी एका जातीची मिरास आहे असे जे सांगतात, त्यांना या झोपडीने सहाशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे.

या कुटुंबाने विटाळावर जो विचार मांडला, तो आजही मुलांना शिकवावा असा आहे. चोखोबा विचारतात की सर्वांची शरीरे त्याच पंचमहाभूतांची, तर विटाळ कोणाचा आणि सोवळा कोण? सोयराबाई त्याही पुढे जातात. विटाळावाचून कोणताही देह जन्मास येत नाही, मग या जगात विटाळलेला नाही असा कोण आहे, असे त्या बजावतात. एका अशिक्षित महार स्त्रीने धर्मशास्त्राच्या मुळावर घातलेला हा घाव आहे.

पण मंदिराचे दार काही उघडले नाही. याविषयी ज्या चमत्कारकथा आहेत, त्या तुम्ही कीर्तनात ऐकल्या असतील. देवाने चोखोबांना हाताला धरून गाभाऱ्यात नेले. ते बडव्यांना कळले आणि चोखोबांना चंद्रभागेपलीकडे घालवून दिले. पुढे देव त्यांच्याकडे जेवायला आला, वाढताना सोयराबाईंच्या हातून दही सांडले, ते ऐकून बडव्याने चोखोबांच्या थोबाडीत मारली आणि मंदिरात येऊन पाहतो तो देवाचा गाल सुजलेला. आपण बौद्ध आहोत, चमत्कारावर आपला विश्वास नाही. पण कथा काय कबूल करते ते पाहा. देवाचा गाल सुजला, तरी बडव्याचा कायदा बदलला नाही. देव बाहेर येऊन भेटला, पण भक्ताला दिवसाढवळ्या आत नेण्याचे सामर्थ्य कथा रचणाऱ्यांनी देवालाही दिले नाही.

चोखोबांचे मरण तर अंगावर काटा आणणारे आहे. मंगळवेढ्याला गावकूस बांधण्याचे काम निघाले. वेठीला महार धरून आणले. त्यात चोखोबा होते. काम चालू असता भिंत कोसळली आणि कितीएक मजुरांबरोबर तेही गाडले गेले. ते साल १३३८. आयुष्यभर गावकुसाबाहेर राहिलेला माणूस गावकुसाखालीच मेला. नामदेव मंगळवेढ्यास गेले, त्यांनी चोखोबांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याच्या अस्थी पायरीसमोर पुरल्या. त्याच्या जातीच्या माणसांनाही शतकानुशतके त्या समाधीपर्यंतच येण्याची मुभा होती. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार उघडले. १३३८ ते १९४७ म्हणजे सहाशे नऊ वर्षे !

आता अवघड भागाकडे वळू. एवढा बुद्धिमान, एवढा सोसलेला माणूस थांबला कुठे? त्यांच्या नावावरच्या एका अभंगात असे येते की पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून महाराचा जन्म आला. हा विटाळ म्हणजे पूर्वीच्या करणीचे फळ. बांधवांनो, खरी बेडी ती हीच. विटाळ खोटा आहे हे ज्याने ओळखले, त्यालाच आपला जन्म मात्र शिक्षा वाटला. त्यांचा मुलगा कर्ममेळा बापाइतका सोशीक नव्हता. आम्हाला हीन जातीत घालून उष्ट्यावर का ठेवलेस, असा जाब त्याने थेट देवालाच विचारला. पण जाब ज्याला विचारला, तो बोलला नाही.

तथागतांच्या संघात याचे उत्तर होते. उपाली जातीचा न्हावी. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला प्रव्रज्या दिली गेली, म्हणजे त्या राजपुत्रांना त्याच्यापुढे वाकावे लागले. पुढे राजगृहाच्या संगीतीत विनय त्यानेच सांगितला. सुनीत हा रस्ते झाडणारा, तोही भिक्खू झाला. त्यांना कोणी समाधीपाशी उभे केले नाही. आणि पूर्वजन्मीच्या कर्मामुळे मनुष्य दरिद्री वा हीन कुळात जन्मतो ही समजूत बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात स्पष्टपणे नाकारली. चोखोबांच्या पायातली बेडी तेथे तुटली.

मग बाबासाहेबांनी चोखोबांना टाकून दिले काय? मुळीच नाही. १९२८ साली त्र्यंबक येथे महार मंडळींची सभा भरली होती. चोखामेळ्याचे देऊळ बांधावे असा विचार होता. बाबासाहेबांच्या सल्ल्याने तेथे ठरले ते असे की अस्पृश्यतेचा कलंक पुसण्यासाठी झटणे हेच चोखोबांचे खरे स्मारक. १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदनावर लिहिलेल्या निबंधावरून गांधीजींशी त्यांचा वाद झाला. त्यात त्यांनी संतांची मर्यादा परखडपणे सांगितली : देवापुढे सर्व सारखे एवढेच संत म्हणाले, माणसामाणसांत समता हवी म्हणून ते लढले नाहीत. आणि त्याच बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. टीकाही केली आणि आदरही राखला. आठ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास ते लक्षावधींना घेऊन बुद्धाला शरण गेले. ज्या दारापाशी चोखोबा आयुष्यभर ताटकळले, त्या दाराकडे त्यांनी पाठ फिरवली.

म्हणून आजीच्या पेटीतली ती पोथी फेकू नका. तिला हळदकुंकू वाहू नका, तिची आरती करू नका. पुस्तकांच्या फळीवर बाबासाहेबांच्या ग्रंथांशेजारी ठेवा. मुलांना ती वाचायला द्या आणि सोबत चोखोबांचे मरणही सांगा. विटाळाला प्रश्न विचारणारा चोखोबा आपला पूर्वज आहे, हे त्यांना कळू द्या. आणि पूर्वजन्मीच्या पापाचा अभंग आला की तेथे थांबून मुलांना सांगा, की हे आपल्या आज्याला कोणीतरी पढवले होते आणि ते खोटे होते.

म्हातारीलाही सांगा, की चोखोबा आपल्याच घरी आहेत. मात्र आता त्यांना कोणत्याही पायरीसमोर उभे राहावे लागत नाही.

जयभीम !