कर्जापायी गेलेला आपला मुलूख अन् पहिले सालारजंग

ईट (ता. भूम) : हैदराबादला गेलेला माणूस सालारजंग म्युझियम बघूनच येतो. ते नातवानं जमवलेलं. आजोबांचा, म्हणजे पहिल्या सालारजंगांचा संबंध मात्र थेट आपल्या जिल्ह्याशी आहे.

१८५३ साली निजामाची तिजोरी रिकामी होती. फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली, पगार मात्र निजामानं द्यायचा. तो थकला की कंपनी उसने देणार अन् वर व्याज लावणार. त्या कर्जापायी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. इथल्या कुळांचा शेतसारा त्या फौजेच्या खर्चाला लागला.

त्यानंतर काही दिवसांतच मीर तुराब अली खान ऊर्फ सालारजंग दिवाण झाले. वय अवघं २४. तोवर निजामाचे तालुके सावकार अन् जमादारांकडे मक्त्यानं जायचे. ते कुळाकडून वाटेल तसं उकळायचे, सरकारात थोडंच पोचायचं. सालारजंगांनी मक्ते हळूहळू मोडले, पगारी तालुकदार नेमले, १८६५ ला जिल्हाबंदी केली.

१८५७ ला त्यांनी इंग्रजांची बाजू धरली. हे आजही खुपतं, अन् खुपावंच. पण त्याच्याच बदल्यात १८६० ला ५० लाखांचं कर्ज माफ झालं, नळदुर्गचा मुलूख निजामाकडे परत आला. वऱ्हाड राहिलं ते राहिलंच. ती मागणी रेटत सालारजंग १८७६ ला लंडनपर्यंत गेले, हात हलवत परतले. ८ फेब्रुवारी १८८३ ला पटकीनं वारले, तेव्हाही वऱ्हाड इंग्रजांकडंच होतं.