कात्री, खळ आणि एस्थर हाऊलंड

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की अमेरिकेतील अनेक प्राथमिक शाळांत बुटांच्या रिकाम्या खोक्यांच्या टपालपेट्या होतात. व्हॅलेंटाइन दिनी वर्गातील एकही मूल रिकाम्या हाताने घरी जाऊ नये, म्हणून पटावरील प्रत्येकासाठी शुभेच्छापत्र न्यायचे, असा तेथील रिवाज आहे. वीस-पंचवीस पत्रे विकत आणण्याऐवजी लाल कागद, उरलीसुरली लेस, कात्री आणि खळ घेऊन मुलाला मेजाशी बसवणारी आई नकळत एका जुन्या रीतीला उजाळा देत असते. ही रीत अमेरिकेत रुजवण्यात सर्वांत मोठा वाटा होता एस्थर हाऊलंड यांचा.

एस्थर यांचा जन्म १८२८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथे झाला. वडील साउथवर्थ यांचे तेथे पुस्तकांचे व लेखनसाहित्याचे मोठे दुकान होते. आईचे नावही एस्थरच. काटकसरीने घर कसे चालवावे, याविषयी तिने लिहिलेले पुस्तक १८४० च्या दशकात प्रसिद्ध झाले होते. एकीकडे कागद आणि दुसरीकडे काटकसर, अशा घरात वाढलेल्या या मुलीने १८४७ साली माउंट होलिओक येथील स्त्रियांच्या विद्यालयातून शिक्षण पूर्ण केले.

त्याच सुमारास वडिलांच्या एका व्यावसायिक स्नेह्याकडून त्यांना इंग्लंडमध्ये तयार झालेले व्हॅलेंटाइन पत्र मिळाले. अशी नक्षीदार पत्रे तेव्हा बहुतांशी इंग्लंडहूनच येत आणि ती सामान्यांना परवडत नसत. एस्थर यांनी त्या पत्राचे केवळ कौतुक केले नाही. ते कसे घडवले आहे, हे न्याहाळले. कागदी जाळी वेगळी, फुलांचे चित्र वेगळे, पाठीमागचा रंगीत कागद वेगळा. हे साहित्य हाती आले तर याहून सरस पत्र आपणही करू, असा विश्वास त्यांना वाटला. वडिलांनी साहित्य मागवून दिले आणि त्यांनी डझनभर नमुने तयार केले. दुकानाच्या कामासाठी फिरतीवर निघालेल्या भावाने ते सोबत नेले. २०० डॉलरच्या मागण्या मिळाल्या तरी पुरे, अशी एस्थर यांची अपेक्षा होती. भाऊ परतला तो ५,००० डॉलरहून अधिक रकमेच्या मागण्या घेऊन.

एवढे काम एकटीच्या हातून होणारे नव्हते. राहत्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर मैत्रिणींना बोलावून त्यांनी कामाची वाटणी केली. एकीने चित्रे कापायची, दुसरीने ती मांडायची, तिसरीने चिकटवायची. ज्यांना घर सोडणे शक्य नव्हते, त्यांच्याकडे साहित्याची पेटी पोहोचवली जाई आणि आठवड्याने तयार पत्रे परत आणली जात. स्त्रियांना कमाईच्या वाटा फार थोड्या असण्याच्या काळात अनेकींना घरबसल्या हक्काचा पैसा मिळू लागला.

त्यांची कल्पकता साध्या युक्त्यांत होती. पांढऱ्या जाळीखाली गडद रंगाच्या कागदाचा तुकडा ठेवला की नक्षी उठून दिसे. कागदाच्या पट्टीला पंख्यासारख्या घड्या घालून ती दोन थरांमध्ये चिकटवली की वरचे चित्र उचलल्यासारखे भासे. आजही शाळकरी मुलाला पाच मिनिटांत जमेल, अशी ही करामत. पत्राच्या पाठीवर लाल शाईत त्यांच्या आडनावाचे एक आद्याक्षर असे. १८७९ साली त्यांनी पद्यांची पुस्तिका काढली. पत्रातील मजकूर मनाजोगा नसेल, तर गिऱ्हाइकाने तिच्यातील आवडीच्या ओळी निवडून त्यावर डकवाव्यात, अशी ती सोय होती. काही सेंटांच्या साध्या पत्रांपासून रेशीम व लेस लावलेल्या महागड्या पत्रांपर्यंत सर्व तऱ्हा त्यांच्याकडे मिळत.

अमेरिकेत अशी पत्रे करणाऱ्या त्या पहिल्याच नव्हत्या. तरीही अमेरिकी व्हॅलेंटाइनची जननी ही ओळख त्यांनाच लाभली. ज्यांच्या हातची प्रेमपत्रे घरोघरी गेली, त्या स्वतः मात्र अविवाहित राहिल्या. १८८० च्या सुमारास, आजारी वडिलांच्या शुश्रूषेसाठी, तीन दशके वाढवलेला व्यवसाय त्यांनी जॉर्ज व्हिटनी या व्यावसायिकाच्या स्वाधीन केला. १९०४ साली त्यांचे निधन झाले.

व्हिटनी यांनी पुढे यंत्रे आणली, पत्रे स्वस्त झाली आणि हाताचे काम मागे पडले. १९४२ साली, महायुद्धातील कागदटंचाईत, तो कारखानाही बंद झाला. एस्थर यांनी मात्र सुरुवात डझनभर नमुन्यांनी, घरच्या मेजावर केली होती. वर्गमित्रांसाठी पत्रे कापत बसलेल्या मुलाला आजही त्याहून अधिक काही लागत नाही.