शुश्रूषेची पाठशाळा

इंग्लंडच्या दक्षिणेस, हँपशर परगण्यात, एम्ब्ली पार्क नावाचा एक प्रशस्त वाडा होता. १८४५ सालच्या डिसेंबर महिन्यात तेथे फाउलर नावाचे एक वृद्ध डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते. सॉल्झबरी गावचे मोठे इस्पितळ तेथून काही मैलांवर होते आणि फाउलर त्या इस्पितळाचे डॉक्टर होते. घरातील धाकट्या मुलीने त्यांच्यापुढे एक विनंती ठेवली. तीन महिने आपल्याला त्या इस्पितळात राहू द्यावे आणि आजाऱ्यांची शुश्रूषा कशी करतात ते शिकू द्यावे, एवढेच तिचे मागणे होते. मुलीचे वय पंचवीस वर्षांचे होते. तिचे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

मागणे लहान होते. पण घरात जणू वीज कोसळली. आई भयभीत झाली. थोरली बहीण पार्थेनोपी हिने आकांत मांडला. वडिलांचा आपल्या या बुद्धिमान मुलीवर फार जीव होता. परंतु त्यांनाही ही कल्पना रुचली नाही. डॉक्टर पतिपत्नींनीही तिला उत्तेजन दिले नाही. विनंती तेथल्या तेथे मोडीत निघाली.

आई-बहिणीला दोष देणे सोपे आहे. पण त्या काळची इस्पितळे कशी होती, हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. सधन मनुष्य आजारी पडला, तर त्याचे औषधपाणी घरीच होई. इस्पितळात जात ते गरीब आणि निराधार. खोल्या कोंदट असत, अंथरुणे मळकट असत, आणि दुर्गंधी तर इतकी असे, की नवख्या माणसाला भोवळ यावी. तेथे काम करणाऱ्या बायकांना वेतन तुटपुंजे मिळे; पुष्कळदा त्यांना रुग्णांच्याच खोलीत निजावे लागे. त्यांपैकी कित्येक दारूच्या आहारी गेलेल्या असत. मायेने काम करणाऱ्याही काही होत्या, हे सांगितले पाहिजे. पण त्यांना कोणी काही शिकविलेले नसे. परिचारिका होण्यासाठी काही शिकावे लागते, हीच कल्पना लोकांना चमत्कारिक वाटे. अशा ठिकाणी कुलीन घरातील मुलीने जावे, हे कोणत्या आईला मानवले असते?

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला. आईवडील त्या वेळी प्रवासात होते. नगरीचे नावच त्यांनी मुलीला ठेवले. घरी संपत्ती विपुल होती. उन्हाळ्यासाठी डर्बीशर परगण्यात वेगळा वाडा होता. वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकविले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन व इटालियन या भाषा आणि इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय फ्लॉरेन्सने लहान वयात आत्मसात केले. पुढे तिला गणिताची गोडी लागली. सतराव्या वर्षाच्या आत, १८३७ च्या फेब्रुवारीत, ईश्वराने आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलाविले आहे, असे तिला वाटले. ती सेवा कोणती, हे मात्र तिला कळायला पुढे कित्येक वर्षे लागली. आणि कळले तेव्हा, ती शिकायची कोठे, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला.

सॉल्झबरीचा बेत फसल्यावर तिने एक निराळाच मार्ग धरला. पहाटे घरातील मंडळी उठण्यापूर्वी ती दिव्याच्या उजेडात अंगाभोवती शाल गुंडाळून बसे आणि इस्पितळांचे व सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाची. कोणत्या इस्पितळात खाटा किती, माणसे किती मेली, कोणत्या रोगाने मेली, हे सर्व ती वह्यांत टिपून ठेवी. न्याहारीची घंटा झाली की वह्या बंद होत. मग दिवसभर पाहुण्यांची सरबराई, विणकाम आणि दिवाणखान्यातील गप्पा! हा क्रम वर्षानुवर्षे चालला. १८४९ साली रिचर्ड मंक्टन मिल्न्स या नामांकित कवीला तिने विवाहास नकार दिला. तो तिला आवडत नव्हता असे नाही. पण त्या संसारात आपले काम बुडून जाईल, अशी तिला खात्री वाटली. घरच्या मंडळींच्या नाराजीत त्यामुळे आणखी भर पडली.

अशातच तिला एक वाट दिसली. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी कायझर्सवर्थ नावाचे एक लहानसे गाव होते. तेथे फ्लीडनर नावाच्या पाद्र्याने व त्याच्या पत्नीने १८३६ साली एक सेवाश्रम स्थापन केला होता. त्यात इस्पितळ होते, अनाथ मुलांचे घर होते, आणि विशेष म्हणजे शुश्रूषेचे काम शिकविण्याची सोय होती. त्या आश्रमाचा वार्षिक अहवाल १८४६ साली फ्लॉरेन्सच्या हाती आला. तिने तो जपून ठेवला. पण अहवाल हाती येणे निराळे आणि आश्रमात पाऊल ठेवणे निराळे! त्याला आणखी चार वर्षे लागली. १८५० च्या उन्हाळ्यात ईजिप्त व ग्रीस पाहून परत येताना तिने कायझर्सवर्थला दोन आठवडे मुक्काम केला. घरी परतल्यावर कानउघाडणी झाली, ती इतकी, की पुढचे सहा महिने तिने सर्वस्वी बहिणीच्या तैनातीत घालवावे असे ठरले. तिने तेही केले.

शेवटी १८५१ च्या जुलैत घरच्या विरोधाची धार थोडी बोथट झाली. आई व बहीण हवापालटासाठी कार्ल्सबादच्या झऱ्यांवर निघाल्या होत्या. तेवढ्या अवधीत तिने कायझर्सवर्थला राहावे, मात्र याचा कोठे बभ्रा होऊ नये, या अटीवर तिला मोकळीक मिळाली. आश्रमाचा असा शिरस्ता होता, की येणाऱ्या प्रत्येक उमेदवार स्त्रीने आपली जीवनकथा स्वतःच्या हाताने लिहून द्यावी. फ्लॉरेन्सनेही ती लिहून दिली. जिच्या घरी नोकरचाकरांचा ताफा होता, ती एकतीस वर्षांची विदुषी एका पाद्र्याच्या आश्रमात प्रवेश मिळावा म्हणून शाळकरी मुलीप्रमाणे आपली हकीकत कागदावर उतरवीत होती. तिच्या पुढील आयुष्यात मानसन्मान पुष्कळ आले. पण त्यांपैकी कोणत्याही कागदासाठी तिला एवढी वाट पाहावी लागली नसेल.

आश्रमातील जिणे खडतर होते. पहाटे पाचला उठावे लागे. जेवण शेतकऱ्याच्या घरचे असावे तसे साधे, आणि तेही दहा मिनिटांत उरकायचे. दिवसभर मुलांकडे पाहणे, रुग्णांच्या जखमा धुणे, शस्त्रक्रियेच्या वेळी उभे राहणे, मरणासन्न माणसापाशी बसणे, अशी कामे चालत. फ्लॉरेन्सला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता. तसे तिने आईला पत्रातून कळविलेही. पण उत्तरादाखल मायेचा शब्द आला नाही. पुढे अनुभव वाढल्यावर तिने आश्रमाविषयी स्पष्ट मत दिले, की तेथील शुश्रूषा फारशी चांगली नव्हती आणि स्वच्छता तर वाईटच होती. परंतु तेथल्यासारखी निष्ठा तिला अन्यत्र आढळली नाही. आपल्या गुरुगृहाचे दोषही तिने झाकले नाहीत, हे तिच्या स्वभावाला धरूनच झाले.

१८५३ साली वडिलांनी तिला वर्षाला पाचशे पौंड देण्याचे ठरविले. त्याच वर्षी लंडनमधील आजारी स्त्रियांच्या एका संस्थेची ती अधीक्षक झाली.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. तुर्कस्तानातील स्कुतारी येथे इंग्रज सैनिक उपचारांवाचून तडफडत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या, आणि युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट याने फ्लॉरेन्सला परिचारिकांचे पथक घेऊन जाण्याची विनंती केली. निवडीला जेमतेम चार-पाच दिवस होते. अर्ज घेऊन स्त्रिया आल्या. पण त्यांतल्या पुष्कळजणी केवळ पगाराच्या आशेने आलेल्या होत्या. मोठ्या मुश्किलीने अडतीस जणी मिळाल्या. त्यांपैकी चौदा इस्पितळांत काम केलेल्या होत्या, आणि चोवीस निरनिराळ्या धर्मसंस्थांतल्या. साऱ्या इंग्लंडात धुंडूनही शिकलेल्या परिचारिका मिळू नयेत, ही गोष्ट फ्लॉरेन्सच्या मनात खोल रुतली.

याच सुमारास जमेका बेटातील मेरी सीकोल नावाची एक स्त्री लंडनमध्ये आली. पटकी आणि पीतज्वर या रोगांच्या साथींत तिने रुग्णांची शुश्रूषा केली होती. दुसऱ्या पथकात तरी आपल्याला घ्यावे म्हणून तिने खेटे घातले. पण प्रत्येक ठिकाणी तिला नकार मिळाला. ती कृष्णवर्णी होती. आपल्या कातडीचा रंगच आड आला असावा, अशी शंका तिच्या मनाला चाटून गेली. फ्लॉरेन्स त्या वेळी लंडनमध्ये नव्हती. मेरी डगमगली नाही. स्वतःच्या पैशाने ती १८५५ साली क्रिमियात पोहोचली आणि रणभूमीजवळ आपले विश्रांतिगृह उघडून तिने सैनिकांची सेवा केली.

इकडे फ्लॉरेन्स ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुतारीला पोहोचली होती. रात्री हातात दिवा घेऊन रुग्णांच्या रांगांतून फिरणारी तिची मूर्ती सर्वांच्या परिचयाची आहे. ती कथा येथे पुन्हा सांगत नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथे शंभर रुग्णांमागे सुमारे बेचाळीस मरत होते. मार्च महिन्यात सरकारने धाडलेल्या आरोग्यमंडळाने तुंबलेली गटारे उपसली, पाणी स्वच्छ केले, हवा खेळती केली. आणि जूनमध्ये हा आकडा शंभरात दोनांवर आला. त्या युद्धात मेलेल्या सुमारे एकवीस हजार इंग्रज सैनिकांपैकी सोळा हजारांहून अधिक रोगांनीच मेले होते. मायदेशी परतल्यावर फ्लॉरेन्सने हे आकडे मांडले, तेव्हा आपण राबत होतो त्याच इस्पितळाच्या घाणीने माणसे मेली, हे तिला उमगले. तो घाव कधीच भरून आला नाही. दयाळू हात पुरेसे नाहीत, त्या हातांना ज्ञान हवे, हे तिला या आकड्यांनी शिकविले.

तिच्या गौरवार्थ देशाने सुमारे पंचेचाळीस हजार पौंडांचा निधी जमविला होता. त्यातून १८६० च्या उन्हाळ्यात लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची पाठशाळा उघडली. विरोध झालाच. त्याच इस्पितळाच्या एका ज्येष्ठ शस्त्रवैद्याने १८५७ साली लिहिले होते, की परिचारिका म्हणजे घरकाम करणाऱ्या मोलकरणीसारखी; तिला शिकवायचे ते काय? फ्लॉरेन्स तर त्या वेळी आजाराने अंथरुणाला खिळलेली होती. पाठशाळेचा कारभार तेथील मेट्रन मिसेस वॉर्ड्रोपर यांनी सांभाळला. नियम मात्र फ्लॉरेन्सच्या विचाराने ठरले.

आपल्या देशात दिल्ली आणि वेल्लोर येथे शुश्रूषेचा पदवी-अभ्यासक्रम १९४६ साली सुरू झाला. १८६० साली पदवीचे नाव जगात कोणी काढलेले नव्हते. तरीही प्रवेशाची रीत पाहिली, तर ती परकी वाटत नाही. अर्ज करणारी स्त्री साधारणपणे पंचवीस ते पस्तीस वर्षांची असावी. वयाचा, प्रकृतीचा आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला तिने जोडावा, असा नियम होता. शिकण्याची मुदत एक वर्षाची. राहणे, जेवण व धुलाई यांचा खर्च निधीतून होई, शिवाय वर्षाला दहा पौंड हातात पडत. म्हणजे गरीब घरच्या मुलीलाही अर्ज करता येई. प्रत्येकीला स्वतंत्र लहान खोली दिलेली होती. रुग्णांच्या खोलीत निजण्याचे दिवस तेथे संपले!

पहिल्या तुकडीत पंधराजणी होत्या. तपकिरी पोशाख, पांढरी टोपी आणि पांढरा एप्रन असा त्यांचा गणवेष होता. दर महिन्याला प्रत्येकीच्या नावाचा तक्ता भरला जाई. एका बाजूस वेळ पाळणे, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप. दुसऱ्या बाजूस जखम बांधणे, दुबळ्या रुग्णाला उचलणे, अंथरूण बदलणे, खोलीत मोकळी हवा राखणे, रुग्णासाठी पेज शिजविणे, रुग्णाचे बारकाईने निरीक्षण करणे. उत्कृष्टापासून शून्यापर्यंत शेरे ठरलेले होते. हे तक्ते फ्लॉरेन्सकडे जात. पुढे सरकारी परीक्षा घेऊन परिचारिकांची नोंदणी करावी अशी चळवळ झाली, तेव्हा तिने कसून विरोध केला. रुग्णाशी कसे वागावे हे परीक्षेत कळत नाही, असे तिचे म्हणणे होते. त्यात ती हरली. इंग्लंडात १९१९ साली नोंदणीचा कायदा झाला. तिचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते, असे मात्र म्हणवत नाही.

पाठशाळेतून बाहेर पडलेल्या मुली दूरदूर गेल्या. १८६५ साली ॲग्नेस जोन्स ही बारा परिचारिका घेऊन लिव्हरपूलच्या अनाथ-दरिद्री लोकांच्या इस्पितळात गेली. तेथे अहोरात्र खपून तीन वर्षांत ती विषमज्वरासारख्याच एका साथीच्या तापाने मृत्यू पावली. त्याच साली ल्यूसी ऑसबर्न पाच सहकारिणींसह ऑस्ट्रेलियातील सिडनीला पोहोचली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वद वर्षांच्या होऊन, वारल्या. त्यांच्या उतारवयात लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील त्यांच्या घरी पाठशाळेतील मुलींना चहाला बोलावणे जाई. बाई अंथरुणावर उशांना टेकून बसलेल्या असत. वॉर्डात किती रुग्ण आहेत, जेवण पुरेसे मिळते का, झोप होते का, असे त्या एकेकीला विचारीत. मुलगी गेल्यावर पेन्सिल घेऊन तिच्याविषयी चार ओळी टिपून ठेवीत. पाठशाळा सोडून एखादी मुलगी नव्या इस्पितळात कामाला रुजू झाली, की तिच्या खोलीत बाईंनी धाडलेली फुले येत.