खांदेरीचा दिवा

मैत्रिणींनो, आपण नागपूरच्या बायका. समुद्र म्हटला की आपल्याला शाळेतलं भूगोलाचं पुस्तकच आठवतं. महिला मंडळाची सहल अलिबागला गेली, तेव्हा संध्याकाळी थळच्या किनाऱ्यावरून लांब पाण्यात एक दिवा लुकलुकताना दिसला. शेजारच्या कोळीणबाईंनी सांगितलं, ती खांदेरी. घरी आल्यावर वाचायला घेतलं आणि दिव्यामागचा माणूस भेटला, कान्होजी आंग्रे.

शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधाला न जुमानता या बेटावर किल्ला बांधायला घेतला. कान्होजी पुढे मराठी आरमाराचे सरखेल झाले. त्यांचं दस्तक घेतल्याशिवाय कोकणच्या समुद्रात व्यापारी गलबतांची धडगत नसे. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. पण आपल्या किनाऱ्यावर आपण जकात घेतली तर ती चाचेगिरी कशी? १७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर चालून आले आणि हात हलवत परत गेले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आले, तेव्हाही तेच झालं.

१७२९ मध्ये कान्होजी गेले. थोरले सेखोजी होते तोवर घर एक होतं. तेही गेले आणि भावाभावांत वाटणीचं भांडण लागलं. एकाकडे कुलाबा, दुसऱ्याकडे विजयदुर्ग. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून विजयदुर्गाला धाकटे पुत्र तुळाजी यांचं आरमार बुडवलं. बाहेरच्यांना जे साधलं नव्हतं, ते घरच्या फुटीनं सोपं करून दिलं. १८४० मध्ये दत्तक नाकारून कुलाबा संस्थानही खालसा झालं. पुढे आपल्या नागपूरकर भोसल्यांचंही तसंच झालं, हे वेगळं सांगायला नको.

१८६७ मध्ये त्याच खांदेरीवर इंग्रजांच्या राज्यात दीपगृह उभं राहिलं. मुंबईकडे येणाऱ्या जहाजांना तो दिवा खडकांपासून सावध करतो, मग जहाज कुणाचंही असो. १९९८ मध्ये बेटाला कान्होजींचं नाव मिळालं. २०२५ मध्ये खांदेरी किल्ला जागतिक वारसा यादीतही गेला.

कौटुंबिक तक्रारी ऐकायला बसते, तेव्हा दोन भाऊ हातभर जागेसाठी बोलेनासे झालेले दिसतात. मध्ये म्हातारी आई मान खाली घालून बसलेली असते. अशा वेळी मी आता त्यांना आंग्र्यांच्या घराची गोष्ट सांगते. सगळेच ऐकतात असं नाही. पण खडक कुठे आहे, हे वेळेवर कुणीतरी दाखवायला हवं ना?